मेंढ्यांची डोकी

मंगळवारी सकाळी पल्लवीने संगणक उघडला तेव्हा तिच्या दृश्याखाली तांबड्या अक्षरांत एक ओळ येऊन पडली होती : 'भाग तिसरा, दृश्य पहिले. मेंढ्यांना डोकी नाहीत. कृपया दुरुस्त करावे.'

तिने ती ओळ दोनदा वाचली आणि एकटीच मोठ्याने हसली. शेजारच्या खोलीतून धैर्यशील चहाचा कप घेऊन आला. साताऱ्यातला हा स्टुडिओ त्याचा, म्हणजे गोडोलीतल्या त्याच्या घराचा वरचा मजला. खाली त्याचे वडील, निवृत्त सुभेदार नानासो, पेपर वाचत बसलेले असत आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "झालं का कार्टून?"

"काय झालं हसायला?" धैर्यशीलने विचारलं.

"मेंढ्यांना डोकी नाहीत म्हणे, सर."

त्याने वाकून पडद्याकडे पाहिलं. चहाचा एक घोट घेतला. "नाहीतच की," तो म्हणाला.

तेव्हा मात्र पल्लवीचं हसू थांबलं.

पडद्यावर भर दुपारचं माळरान होतं. पन्नासेक काळ्या-करड्या मेंढ्या गोल करून उभ्या होत्या आणि प्रत्येकीने आपलं डोकं शेजारणीच्या पोटाखाली घातलं होतं. बाहेरून दिसत होत्या त्या फक्त पाठी, पुठ्ठे आणि बारीक पाय. मेंढपाळाची मुलगी गोदी, या मालिकेची नायिका, जरा बाजूला काठीवर घोंगडं टाकून त्याच्या सावलीत बसली होती. चाळीस सेकंद काहीच घडत नव्हतं. एखादी शेपटी हलायची, एखादा पाय जागा बदलायचा. मग दूरवरून शिट्टी ऐकू यायची आणि गोष्ट सुरू व्हायची.

"अहो सर, ऊन चढलं की मेंढी अशीच उभी राहते. डोकं तापू नये म्हणून दुसरीच्या पोटाखाली घालते. तिची स्वतःची सावली तिला उपयोगाची नसते ना."

"हे तुला माहीत. माझ्यासारख्याने मेंढ्या बघितल्यात त्या एस्टीच्या खिडकीतून, रस्ता अडवलेला असताना. आणि तेव्हा त्यांना डोकी असतात."

पल्लवीने दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं.

हे दोघे एकत्र काम करू लागले ते सहा वर्षांपूर्वी, पुण्यात. तेव्हा टीव्हीच्या एका वाहिनीसाठी बोलणाऱ्या माकडाची मालिका चालू होती. आठवड्याला पाच भाग द्यावे लागत. माकड चालायचं ते एकदाच काढलेलं. तीच चाल प्रत्येक भागात, फक्त मागचं जंगल बदलायचं. सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, पण तिथे एक चित्र तीन-तीन वेळा दाखवून आठांतच भागवत. मूल कुठल्या सेकंदाला उठून गेलं हे कुणाला कळत नसे आणि कळून घ्यायची गरजही नव्हती; जाहिरात संपली की ते परत येई. त्या मालिकेत एकदा मेंढी आली होती. पल्लवीने नमुन्याबरहुकूम काढली, पांढरी, गुबगुबीत, गालांवर गुलाबी ठिपके. सुट्टीत घरी गेल्यावर तिने ती आपल्या वडिलांना दाखवली. आकाराम कोळेकरांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला, आणि विचारलं, "हे कापसाचं बोचकं चालतंय कसं काय?"

त्यानंतर तिने आपलं काम घरी कधी दाखवलं नाही.

मग सगळंच बदललं. वाहिनीने माकड बंद केलं, स्टुडिओ मोडला आणि धैर्यशील साताऱ्याला परत आला. दोन वर्षं लग्नाच्या पत्रिकांना हलती चित्रं जोडून दिली. तेवढ्यात इंटरनेटवरून घरोघर मालिका दाखवणाऱ्या एका प्लॅटफॉर्मला अशी गोष्ट हवी होती, जी त्याच मातीतली दिसेल आणि तरी तीस भाषांतून जगभर बघता येईल. आठच भाग, पण एकेका भागाला दोन महिने. काम साताऱ्यात करा नाहीतर चंद्रावर, फाइल पोचली की झालं. पल्लवी पुण्याची खोली सोडून आली. आता ती एका मेंढीच्या कानाला पूर्ण एक दिवस देऊ शकत होती आणि हे सुख तिला अजून खरं वाटत नव्हतं.

पण या सुखाबरोबर पूजाही आली होती. पूजा प्लॅटफॉर्मच्या मुंबईच्या ऑफिसात बसायची आणि प्रत्येक दृश्य तपासायची. दुपारी ती व्हिडिओ कॉलवर आली.

"पल्लवी, मला स्वतःला हा शॉट फार आवडलाय," तिने सुरुवात केली. तिची सुरुवात अशीच असे. "पण दोन गोष्टी. एक म्हणजे डोकी. आमच्या टीममधल्या चौघांना वाटलं की फाइल बिघडलीय."

"मेंढ्या तशाच उभ्या राहतात, मॅडम."

"असेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. भागाच्या पहिल्या दीड मिनिटात किती लोक सोडून जातात ते आम्हाला दिसतं. अगदी सेकंदासकट दिसतं. चाळीस सेकंद पडद्यावर कुणाचा चेहरा नाही. गोदीसुद्धा पाठमोरी. चेहरा नसला की बघणाऱ्याचा अंगठा हलतो. तो एकदा हलला की गेला. तुम्ही असं करा, शॉट दहा सेकंदांवर आणा आणि मेंढ्यांना डोकी वर करू द्या. चार-पाच तरी."

"मेंढ्या वर करणार नाहीत."

पूजा हसली. "अहो, ते तुमच्याच हातात आहे ना?"

"आहे. म्हणूनच नाही करणार," पल्लवी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेजारी बसलेल्या धैर्यशीलने टेबलाखालून तिच्या खुर्चीला पाय लावला.

"मॅडम, आम्ही खऱ्या मेंढ्यांचा व्हिडिओ पाठवला तर?" त्याने विचारलं.

पूजाने थोडा विचार केला. "सोमवारी सकाळपर्यंत पाठवा. मी मीटिंगमध्ये दाखवते. पण पटलं नाही, तर दहा सेकंद आणि डोकी वर. कबूल?"

"कबूल," धैर्यशील म्हणाला. पल्लवीने नुसती मान हलवली.

हातातलं काम उरकून ती गुरुवारी सकाळच्या एस्टीने निघाली. कराडला गाडी बदलली. आटपाडीकडची मेंढरं दिवाळीनंतर खाली ऊसपट्ट्यात उतरतात. शेतकरी त्यांना रात्री आपल्या रानात बसवून घेतात, कारण लेंड्यांसारखं दुसरं खत नाही. पल्लवीच्या आईवडिलांचा, अंबूबाई आणि आकाराम यांचा तळ त्या वेळी पलूसजवळ, लालासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होता. ऊस तुटून गेलेला, एका कडेला जाळीचं कुंपण, त्यात कोकरं, तीन दगडांची चूल, एक घोडं आणि दोन कुत्री. पल्लवी दहा वर्षांची होईपर्यंत अशाच तळावर वाढली होती. मग आश्रमशाळेचं वसतिगृह, मग कॉलेज, मग पुणे.

"अशी मधीच कशी आलीस गं?" अंबूबाईने विचारलं. "नोकरी हाय न्हवं?"

"नोकरीसाठीच आले, आई. मेंढरांचा व्हिडिओ काढायचाय. भर उन्हात गोल करून उभी राहतात ना, तो."

अंबूबाईने वर पाहिलं. "मग ऊन घिऊन यायचं हुतंस की संगं."

आभाळ भरून आलं होतं. मार्च संपत आलेला, उकाडा होता, पण सूर्य दिसत नव्हता. मेंढ्या रानभर पांगून, माना लांब करून वाळलेला पाला खात होत्या. एकीनेही डोकं खाली घातलं नाही. का घालावं? शुक्रवारी तेच. पल्लवी फोन हातात धरून दिवसभर बांधावर बसली आणि तिच्याजवळ डोकी वर केलेल्या मेंढ्यांचाच दोन तासांचा व्हिडिओ जमा झाला, म्हणजे नेमका पूजाला हवा तसला.

शनिवारी दुपारी लालासाहेब मोटरसायकलवरून आले. त्यांची द्राक्षं उतरून बेदाण्याच्या शेडमध्ये पडलेली होती आणि तीही उन्हाचीच वाट बघत होती.

"आवं आकारामदादा, कवा पडायचं हे ऊन? माझा बेदाणा काळा पडाय लागलाय."

"आमची पोरगी बी ऊनच शोधतीया दोन दिस."

"तिला कशाला?"

"मेंढरांचं पिच्चर काढाय."

लालासाहेब पल्लवीकडे वळले. "म्हंजी आपून दोघं एकाच गाडीत बसलोय म्हण की. तुजं झालं की माजं झालं." ते खुशीत हसले. "बघ गं, वर कुणाशी वळख असली तर सांग."

ते गेल्यावर आकाराम बाभळीखाली येऊन टेकले. "काय काढलंयस ते दाव तरी. कशापायी एवढी धडपड?"

पल्लवीने जरा वेळ लावला. मग लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. त्यांनी धोतराला हात पुसले, जणू काही हातात घ्यायचं आहे, आणि पुढे वाकले.

चाळीस सेकंद त्यांनी पाहिलं. "पुन्यांदा लाव," म्हणाले. दुसऱ्यांदा पाहिलं. पल्लवी त्यांच्या कपाळाकडे बघत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही आन ही येकच हाय."

"कोण?"

"ही मेंढी. आन ही बी तीच. पल्याडली बी तीच." त्यांचं बोट पडद्यावर टकटक करत फिरलं. "येकाच मेंढीला चार जागी हुबी केलीस व्हय गं?"

खरं होतं. तिने तेरा मेंढ्या काढल्या होत्या आणि त्या चार-चार वेळा फिरवून बावन्न केल्या होत्या. दिशा बदलली होती, रंगात फरक केला होता. धैर्यशीलला, पूजाला, पूजाच्या टीममधल्या चौघांना ते कळलं नव्हतं. पण तिचे वडील, आबा, मेंढी पाठीवरूनही ओळखत.

"बरं हाय की," चुलीपाशी भाकरी थापताना अंबूबाई म्हणाली, "चारा न्हाई, पानी न्हाई, येकीच्या चार. तुमास्नी न्हाई जमलं ते."

आकाराम हसले नाहीत. ते अजून पडद्याकडेच बघत होते. "बाकी बरुबर हाय," ते सावकाश म्हणाले. "उभं ऱ्हानं बरुबर हाय. पाय बरुबर हाईत. लय बेस. पन शेरडी कुठं हाईत?"

"शेळ्या?"

"कळपात शेरडी नसतीत का? दुधाला, वाट काढाय? मेंढरू डोस्कं घालतंय, शेरडी न्हाई घालत. तिला उनाचं काय न्हाई. ती कडंला हुबी ऱ्हाती आन बघत बसती, कोन आलं, कोन गेलं. समदी डोस्की खाली आन येक वर. तुज्या ह्याच्यात येक बी वर न्हाई."

पूजाला ती ठासून म्हणाली होती, मेंढ्या अशाच उभ्या राहतात. ते बरोबरच होतं. पण तिने दृश्य काढलं होतं आठवणीतून, आणि आठवणीने पंचवीस वर्षांत मेंढ्यांचं वर्तुळ नीट जपून शेळी तेवढी गाळून टाकली होती. प्रत्यक्ष येऊन बघायला साताऱ्याहून अर्धा दिवस लागला असता. तिला ते सुचलंच नाही, कारण आपल्याला माहीत आहे असं ती धरून चालली होती. मान खाली घालून तिने लॅपटॉप मिटला. मग तिच्या लक्षात आलं की वडील काय म्हणाले. समदी डोस्की खाली आन येक वर.

"आबा," ती म्हणाली, "शेळी कुणाकडे बघते?"

"जो आला त्याच्याकडं."

रविवारी उजाडलं तेच लख्ख. नऊला घोंगडी वाळत पडली, दहाला कुत्री बाभळीखाली गेली. लालासाहेबांनी शेडवरूनच हात वर करून आरोळी ठोकली. पल्लवीने काठ्यांची तिपाई करून तिच्यावर फोन बांधला. सव्वाअकराला मेंढ्यांचं चरणं मंदावलं. अकरा चाळीसला एक म्हातारी मेंढी जागच्या जागी थांबली. दुसरी तिच्या कडेला आली, वास घेतल्यासारखी खाली वाकली आणि तिचं डोकं दिसेनासं झालं. मग तिसरी. कुणी हाकलत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. नऊ मिनिटांत रानात एक गोल तयार झाला, काळा, लोकरीचा, शांत.

आणि त्याच्या कडेला चांदी नावाची शेळी उभी होती. एक शिंग मोडलेलं, दाढी पिवळट. ती रवंथ करत होती. तिचा एक कान पुढे आणि एक मागे होता. तिने मेंढ्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि मग मान वळवून सरळ फोनकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या तोंडाकडे, पाहत राहिली.

पल्लवीने अकरा मिनिटं श्वाससुद्धा जपून घेतला.

संध्याकाळच्या गाडीने ती साताऱ्याला परतली. सोमवारी सकाळी फाइल गेली आणि बाराच्या सुमारास पूजाचा कॉल आला. या वेळी तिने 'मला स्वतःला' ने सुरुवात केली नाही.

"अहो, खरंच डोकी नाहीत!" ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बघितलं. दोनदा. आणि ती शेळी कोण आहे?"

"चांदी."

"ती आधीच्या शॉटमध्ये का नव्हती?"

"माझी चूक होती," पल्लवी म्हणाली. "कळपात ती असतेच. मी विसरले होते."

"ती पाहिजे. काय बघते हो! ती बघत असली तर अंगठा नाही हलणार कुणाचा." पूजाने कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. "डोक्यांचा मुद्दा मी काढून टाकते. वेळेचं बोलू. चाळीस?"

"चाळीस."

"अडतीस द्या मला. मीटिंगमध्ये काहीतरी कमी केलं असं सांगायला."

धैर्यशीलने तोंडावर हात ठेवला. पल्लवीने शिट्टीच्या आधीचे दोन सेकंद आठवून बघितले. ते जाऊ शकत होते. "दिले," ती म्हणाली.

पुढचे दहा दिवस तिने चांदीला दिले. मोडकं शिंग, पिवळट दाढी, एक कान पुढे, एक मागे. उरलेल्या वेळात तिने आणखी सात मेंढ्या नव्याने काढल्या. बावन्न वेगळ्या काढणं कुणालाच शक्य नव्हतं, पण निदान एकच मेंढी चार जागी उभी राहणार नव्हती. नानासो एकदा जिना चढून वर आले, पडदा बघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून विचारू लागले, "काय म्हणतीय शेळी?"

मालिका आली ती पुढच्या वर्षी एप्रिलात. टीव्हीसारखं आठवडाभर थांबणं नाही. आठही भाग एका दिवशी, एकाच वेळी, जगभर. पल्लवीने त्या दिवशी सुट्टी घेतली आणि आष्ट्याची गाडी पकडली, कारण तळ या वेळी तिथे पडला होता.

ऊन तापलेलं होतं. मेंढ्यांनी गोल करून डोकी खाली घातली होती आणि माणसांनाही तेवढीच सवड होती. काठ्यांवर टाकलेल्या घोंगड्याखाली तिघं दाटीवाटीने बसली. फोन अंबूबाईच्या हातात दिला, कारण आकारामांचा हात हलतो.

"तिसराच लाव," ते म्हणाले. "पयले मागनं बघू."

माळरान आलं. पाठी, पुठ्ठे, बारीक पाय. मग कडेची शेळी मान वळवून तिघांकडे बघू लागली.

"आगं बया, चांदी!" अंबूबाई ओरडली. खरी चांदी पंचवीस पावलांवर रवंथ करत होती. तिने हाक ऐकून इकडे पाहिलं.

आकाराम पुढे वाकले. त्यांचं बोट पडद्यापासून वीतभर अंतरावर, हवेतच फिरत होतं. ते काय शोधतंय हे पल्लवीला ठाऊक होतं. ती वाट बघत राहिली. बोट शेवटच्या मेंढीपर्यंत गेलं आणि खाली आलं.

"जोड्या हाईत अजून," ते म्हणाले. "पन आता लांबलांब हुब्या केल्यास. कुनाला कळायचं न्हाई."

याहून मोठी शाबासकी तिला आठवत नव्हती. पूर्ण भाग त्यांनी बघितला. गोदीची आणि शाळेच्या मास्तरांची गोष्ट अंबूबाईला फार आवडली; मास्तरांना तिने दोनदा शिव्या घातल्या. भाग संपला, काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली आणि लगेच आकसून कोपऱ्यात गेली. पुढचा भाग सुरू व्हायला पाच सेकंद, चार...

"आरं, पळाली की नावं!" आकाराम म्हणाले.

"थांबा, हे असंच करतं आता. कुणी वाचत नाही म्हणून." पल्लवीने पुढे वाकून कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट दाबलं. नावं परत मोठी झाली. ती सरकत राहिली, मुंबईची, साताऱ्याची, तिचं स्वतःचंही, आणि अगदी शेवटी जिथे तिने दाबून धरलं तिथे एक ओळ होती.

आकाराम तिसरी शिकलेले. त्यांनी अक्षराला अक्षर लावत वाचलं. "मेंढ्या... आनी शेळी... यां-ची माहिती. आ-का-राम को-ळे-कर."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"आन चांदीचं नाव?" त्यांनी विचारलं.

"चांदीचं?"

"काम तर तिनंच केलंय की. मी नुसतं बोललो."

"बोलायला तरी कुठं येतंय तुमास्नी," अंबूबाई म्हणाली, आणि फोन घोंगड्याच्या कडेला ठेवून उठली. बाहेर सावल्या लांबायला लागल्या होत्या. गोलाच्या कडेची एक म्हातारी मेंढी हलली. तिचं डोकं शेजारणीच्या पोटाखालून बाहेर आलं, मग दुसरं, मग एकदम पाच-सहा. आकारामांनी काठी उचलली आणि सवयीने डोकी मोजायला सुरुवात केली.